मोकळ्याकडं पाय

उपकेंद्राच्या भिंतीवर औषधवाल्यांचं कॅलेंडर होतं,
तीन वर्षं जुनं, जानेवारीवरच थांबलेलं.
पांढऱ्या उतारावर एक माणूस,
पायांना लांब पट्ट्या, दोन्ही हातांत काठ्या,
बाजूला टोकदार झाडं.
रैसू कोरेटी रक्त द्यायच्या रांगेत होता,
अंगात हिवताप, डोळे त्या चित्रात.
बाहेर आल्यावर म्हणाला,
‘हे आपल्याइकडं बी होते.
फक्त पांढरं नाही, तांबडं.’

फागुन सरता सरता साग पान टाकतो.
एकेक पान सुपाएवढं,
वाळलं की पापड,
पापडावर पापड, गुडघाभर.
पाय ठेवला की खालचा डोंगरच चालू लागतो.

कामट्या फुलकननं तासल्या.
टोकं विस्तवावर धरून वर वळवली,
बांधायला पळसाच्या मुळीचा वाक.
तळाला मोहाच्या टोळीचं तेल.
तेल आणणं माझ्याकडं,
दुकान माझ्या बापाचं होतं
आणि बाप दुपारी झोपायचा.

मग उतार शोधणं.
पूर्वेचे सगळे डोंगर आमचेच होते,
पार छत्तीसगड लागेपर्यंत.
पहिला निघाला मुरमाचा.
वरून पानं, खालून किसणी.
रैसूची कोपरं सोलली, त्याहून जास्त कामट्या.
दुसरा, खात्यानं लावलेला साग,
प्रार्थनेला उभी केल्यासारखी झाडं,
सरळ जा नाही तर जाऊच नका.
तिसऱ्यावर बांबूच्या रांज्या.
तिथं आत शिरता आलं,
निघायला संध्याकाळ झाली.

फुलकन म्हणाली, गुरांमागं चला.
दुपारी गुरं जिथं बसतात
तिथं सावली असते आणि मोकळंही असते,
दोन्ही एका जागी.
आम्ही तीन दिवस झिटू गायक्याच्या मागं फिरलो.
त्याला वाटलं, पोट्टे शाळा बुडवतात.
तेही खरंच होतं.

आणि ते सापडलं.
वरच्या अंगाला साग, मग ऐन, बिजा, धावडा,
मधेच एक कुसुम, नव्या पानांनी लालभडक.
झाडं अशी विरळ
की भांडण होऊन दूर दूर उभी राहिलेली भावंडं.
खाली गवताचं पटांगण,
थांबता न येणाऱ्यांसाठी.

रैसू गेला.
कोणी नवं लुगडं टराटरा फाडावं तसा आवाज,
वर वानरं खेकसली,
आणि तो खाली, एवढासा, हात हलवत.
फुलकननं माझे पाय बांधले.
‘झाडाकडं पायशील त झाडातच जाशील.
मोकळ्याकडं पाय.’

मी ऐनाकडं पाहिलं.

त्याची साल मगरीच्या पाठीसारखी असते.
डाव्या भुवईत अजून आहे थोडी.

दुसऱ्या दिवशी मात्र मी झाडं मोजली नाहीत.
एक फट, तिच्यामागं दुसरी,
तिच्यामागं तिसरी उघडत गेली,
ऊन, सावली, ऊन,
कंबर आपोआप वळत होती,
आणि पटांगणात पडले तेव्हा
तोंडात पानाचा चुरा होता आणि हसू येत होतं.

अकरा दिवस मिळाले.
मग मोह गळायला लागला.
फुलं दिसावीत म्हणून झाडाखालची पानं लोक पेटवतात.
कुठल्यातरी झाडाखालची आग चढली,
रात्रभर डोंगराच्या गळ्यात जळती माळ,
आम्ही अंगणात खाटेवर उठून बसलेलो.
सकाळी रैसू कामट्या खांद्यावर घेऊन वर गेला,
बराच वेळ पाहत राहिला.
‘आता काळं झालं,’ म्हणाला,
आणि कामट्या सरळ करून
बापाच्या कुंपणात खोवल्या.

रैसू आता रायपूरकडं ट्रक चालवतो.
माझा उजवा गुडघा जिना मोजून चढतो.
फुलकनचा फोन वर्षातून एकदा येतो,
‘पान पडलं,’ एवढंच म्हणते,
मग आम्ही दोघी थोडा वेळ गप्प, फोन चालू.

परवा गावी गेले तेव्हा एक तरुण भेटला,
गळ्यात कॅमेरा, हातात नकाशा.
जंगलात कुठं छान मोकळी जागा आहे म्हणे,
पर्यटकांना न्यायला.
चांगला मुलगा होता, पाणीही मागून प्यायला.
मी त्याला नीट, हात करून,
मुरमाचा डोंगर दाखवला.