चारशे सतरा

उणे ऐंशीचा फ्रीजर रिकामा करायला
ऑलरेनशॉ आलाय, जाड निळे हातमोजे चढवून.
शेफील्डचा मार्च. खाली ट्राम चढ चढतेय, कण्हत.

बर्फ खरवडून खोके निघतात.
एका नळीवर माझं अक्षर: ४१७.
"ही कुठली खूण?" तो विचारतो.
खूण कसली, मराठी आकडे.
त्या रात्री थकलेला हात
मला न विचारता चौथीच्या वर्गात जाऊन बसला होता.

फिरत्या दांडीवरून बाकीचे उंदीर
अकराव्या सेकंदाला पडायचे.
हा पडेचना.
घड्याळ थांबवायचं असतं, हेच विसरले मी.

विषाणू पोकळ करायचा,
करंजीत सारण भरावं तसं
एक धड जनुक आत, कडा मिटवायच्या.
तीस वर्षं हेच.
आई फोनवर म्हणायची,
"अजून तोच रोग? संपत कसा नाही गं?"

मिसेस थॉर्नली, चाचणीतल्या सहाव्या,
दर भेटीला कार्डिगनची बटणं
स्वतः लावून दाखवायच्या.
पाच. पाच. मग चार.
आम्ही श्वास धरून मोजायचो.
शेवटच्या खेपेला कार्डिगनच नव्हतं.
"आज उकडतंय," म्हणाल्या.
जानेवारी होता.

"ठेवायची की टाकायची?"
नळी फार वेळ धरवत नाही, कातडी चिकटते.

ठेव, म्हणते.

तो यादीत माझे आकडे
चित्रासारखे गिरवतो, जीभ बाहेर काढून.
सात बरा जमलाय.
चार मात्र सुटलेली नाडी.