दीड अंश

फ्लास्कमध्ये ती शहाण्यासारखी वागली होती.
अर्धा लिटर. खाली बर्फ, वर माझे डोळे.
वीस मिनिटांत सगळं आम्ल आत गेलं,
पारा जागचा हलला नाही.
मी वहीत लिहिलं: सोपी आहे.

आता गोकुळ शिरगावात, रात्रपाळीला,
तीच अभिक्रिया दोन हजार लिटरच्या पोटात बसलीये
आणि मला ओळख दाखवत नाही.

अंग वाढतं घनाच्या हिशोबानं,
कातडी वर्गाच्या.
हे एमएस्सीला पाठ केलं;
कळलं होतं त्याआधीच, गुऱ्हाळावर.
वाटीतला पाक फुंकरीनं निवायचा,
काहिलीतला मात्र
चुलवाणातला जाळ ओढला तरी खदखदत राहायचा.
दौलू गुळव्या घड्याळ बघायचा नाही.
गार पाण्यात पाकाची गोळी वळायचा,
ताटलीवर आपटायचा
आणि आवाज ऐकायचा.

"सहा तास?" प्लॅन्ट हेडनं दुपारी विचारलं होतं,
तिमाहीच्या आकड्यांवरचं बोट न उचलता.
सहा तास. थेंब थेंब.
जॅकेटमधलं गार पाणी जेवढी आग वाहून नेईल
तेवढीच आत सोडायची.
आत पडून राहिलेलं आम्ल म्हणजे उधारी,
आणि ही वसुलीला एकदमच येते.

तीन चाळीसला बाबगोंडा
हात न पुसताच व्हॉल्व्ह बंद करतो.
पडद्यावर दीडच अंश जास्त.
अलार्म अजून झोपेत.
"ढवळणीचा आवाज जड यायलाय, बाई,"
तो सांगतो, गोठ्यातल्या म्हशीबद्दल सांगावं तसं.

मोटरचा पट्टा सैल झालाय.
पण ढवळणी थांबवायची नाही आता.
थांबवून परत लावली
तर खाली साठलेलं सगळं एका दमात बोलेल.
आम्ही बसतो.
पंचेचाळीस मिनिटं.
बाबगोंडा तंबाखूची पुडी खिशातच चाचपतो,
इथं मनाई आहे.
अर्धा अंश उतरतो.
मग पाऊण.
मग अंगातला ताप उतरल्यासारखा सगळाच.

सकाळी बॅच रेकॉर्डमध्ये दोन ओळी:
थेंब थांबवला. थेंब सुरू केला.
जे घडलं नाही त्याला रकाना नाही.
बाबगोंडा सायकलवर टाच मारून कणेरीकडं निघून जातो,
कुणी त्याला काही विचारत नाही.

मी लॅबमधली जुनी वही काढते.
'सोपी' या शब्दावर एक रेघ मारते,
नियमाप्रमाणे एकच,
बाजूला सही आणि तारीख.
खालचं अक्षर
वाचता आलं पाहिजे.