पडद्याची मान

सीपीयू उघडला तर आत पाल.
जाळीला पाठ लावून वाळलेली.
ऊब शोधत आली असणार, थंडीत.
भरमू मेकॅनिक म्हणाला, गेला हो ताई, बोर्डासकट.
अकरा वर्षं. फुंकर मारून
त्यानं पालही काढली, धूळही,
आणि पन्नास रुपये घेतले नाहीत.

खानापुरात, तहसीलदार कचेरीसमोर माझं टेबल.
उतारे, वारसा, जातीचा दाखला.
लोक मराठीत सांगतात, मी कानडीत उमटवते.
एकेका बटणावर तीन तीन अक्षरं :
इंग्रजी छापील, कानडीचं स्टिकर,
आणि कोपऱ्यात नेलपॉलिशनं मी काढलेलं मराठी.
सगळ्यात आधी पुसला जातो ळ.
इथल्या दोन्ही भाषांना तो फार लागतो.

बेळगावची बस, शून्य रुपयाचं तिकीट,
आणि ब्लाउजात अडतीस हजार.
दुकानातला पोरगा म्हणाला, यावुदु बेकु अक्का?
हेच मी सगळी वाट मराठीत विचारत आले होते स्वतःला.
दोन्हीत उत्तर नव्हतं.

लॅपटॉप असला की अर्ज अर्ध्यात मरत नाही.
हेस्कॉमवाले फांद्या तोडायला निघाले
की आमचा दिवस गेलाच म्हणायचा.
शिवाय जांबोटीकडून म्हातारे येतात, नातवाच्या खांद्यावर,
एका पेन्शनच्या अर्जासाठी.
यंत्र पिशवीत मावलं तर मीच जाईन की.

खरं
डेस्कटॉपचा पडदा मान वळवतो.
विकताना हे कुणी सांगत नाही.
मी टाइप करते, पडदा लोकांकडे फिरवते.
ते वाचतात.
वाचता येत नाही त्यांनाही बघायचं असतं
आपलं नाव उजेडात कसं दिसतं ते.
लॅपटॉपचं झाकण मध्येच उभं राहतं,
साहेबांच्या टेबलावर राहतं तसं,
पलीकडे काय लिहिलं जातंय, कळूच नये.

पोरगा म्हणाला, बघा किती स्लिम.
मी उघडून उलट्या बाजूनं बघितला.
तिथं फक्त कंपनीचं नाव.

घेतला शेवटी. लॅपटॉपच घेतला.
आणि एक वायर, साडेतीनशेची,
जुना पडदा त्याला जोडायला.
जुना कीबोर्डही पुढ्यात, माझ्या ळ-सकट.
भरमू हसला : नवरी एक, करवल्या दोन.

पहिल्याच आठवड्यात गर्लगुंजीचे लुमाण्णा आले.
उताऱ्यावर तीस वर्षं 'लुमाना'.
एक ण कुणी खाल्ला, उरल्याचा न केला,
आणि त्या नावावर कर्ज मिळेना, वाटणी होईना.
मी दुरुस्तीचा अर्ज चढवत होते,
ते पलीकडून पडद्यात बघत होते,
वीज गेली.

त्यांच्याकडचा पडदा काळा.
दचकलेच. माझं नाव गेलं काय गं?
गेलं न्हाई काका, इकडं हाय.
या की, ह्या बाजूला.

अकरा वर्षांत कुणी आलं नव्हतं ह्या बाजूला.
इथं माझा डबा, काढून ठेवलेल्या चपला,
बिघडलेल्या प्रिंटांचा गठ्ठा, मागच्या कोऱ्या बाजूवर वाण्याचा हिशेब.
ते स्टूल उचलून घेऊन आले,
हिशेबाकडे बघायचं नाही म्हणून मान तिरकी धरून.

कानडी होतं. मी अक्षराखाली पेन धरत गेले.
लु.
मा.
मग थांबले. हे पायात काय लोंबतंय?
तोच, काका. तोच तुमचा दुसरा ण.

बराच वेळ बघत राहिले.
बॅटरी एकसष्ट टक्के.
समोरच्या झेरॉक्सवाल्यानं शटर निम्मं ओढलं
आणि पायरीवर येऊन बसला, बिडी शोधत.