सात नंबर

माझ्या गावाचा जन्मदाखला म्हणजे
एका ट्रकची पावती.
ताडपत्र्या नग चाळीस, तांदूळ पोती नऊ,
माणसं एकशे बारा (लहान मुलं धरून),
खाली कुणा साहेबाची सही, शाई फुटलेली.
आम्हाला गावदेव नव्हता, पांढरीचा पाटील नव्हता.
चामोर्शीच्या पुढे रस्ता जिथे संपत होता
तिथे ट्रक थांबला.
एवढंच.

आजोबा निबारण मंडल
डंका पोटाशी धरून उतरले.
ज्या नावापायी खुलन्याकडचं घर जळलं
ते नाव छावणीत तीन वर्षं
हळूच घेतलं, सवयीनं.
इथे पहिल्या रात्री मोठ्यानं घेतलं.
हरिबोल!
सागवानात लांब कुठेतरी अस्वल ओरडलं.
सरोजबाला पिशी म्हणे,
उत्तर आलं.

मग नावाचं भांडण.
खुलन्याच्यांना खुलना हवं, बरिशालच्यांना बरिशाल,
ठाकुरांचं नाव द्यावं म्हणणारे तिसरेच.
अकरा बैठका झाल्या, एक डोकं फुटलं.
तोवर एसटी सुरू झाली
आणि कंडक्टरनं दाराशी उभं राहून म्हटलं,
"सात नंबरवाले, उतरा जी."
उतरलो.
सर्वेच्या नकाशातला आकडा
अजून तिकिटावर आहे.

आता मासाचं सांगते.

ताडपत्री ठोकून तिसऱ्या दिवशी
एक माडिया माणूस मोहाखाली येऊन उभा राहिला,
खांद्यावर कुऱ्हाड, हातात काही नाही.
आजोबांनी छातीला हात लावला: निबारण.
त्यानं छातीला हात लावला: मासा.
आजोबांनी कॅम्पातल्या मराठी हवालदाराकडून
चारच शब्द उचलले होते,
चल, थांब, रांग, मासा.
महिनाभर फक्त डाळ पाहिलेला माणूस
टोपली घेऊन त्याच्यामागे धावला.
मासा पुंगाटी हसत हसत पुढे,
त्याला वाटलं, या परक्या लोकांत
नाव सांगितलं की टोपली आणायची रीत असेल.
नाल्याच्या वळणावर डोह होता.
त्यानं दाखवला.
त्या रात्री सात नंबरात पहिल्यांदा
हळद लावलेल्या मळ्यांचा वास सुटला.

पुढे कळलं
की आमच्या खुणेचे दगड
त्याच्या कोसरीच्या रानात रोवले होते.
त्यानं ते उपटले नाहीत.
का नाही, हे आमच्याकडे कुणालाच माहीत नाही,
विचारलंच नाही कुणी.
आजोबा शेवटच्या दुखण्यात म्हणत,
आम्हाला हाकलणाऱ्यांची नावं मला पाठ आहेत,
आम्ही ज्याला सरकवलं
त्याच्या बापाचं नाव माहीत नाही.
पिशी म्हणायची, ताप आहे, बडबडतात.

डोहाखाली दोघांनी मिळून बांध घातला.
धान झालं. धानात पाणी, पाण्यात मळे, झिंगे.
माझे काका जातीच्या दाखल्यासाठी तहसीलला गेले,
बाबू म्हणाला, ही जात आपल्या यादीत नाही.
काका म्हणाले, तिकडे तर होती,
मारायला आले तेव्हा बरोबर सापडली.
बाबूनं दुसरी फाईल उघडली.
काका अजून जातात, दर सोमवारी.

मी इथल्याच शाळेत मराठी शिकवते.
घरात बांगला, बाजारात झाडीबोली,
फळ्यावर प्रमाण.
बोडीला सगळे मासाची बोडी म्हणतात.
गेल्या साली पंचायतीनं पाटी लावली,
रंगाऱ्यानं शुद्धलेखन सुधारलं:
माशाची बोडी.

विशेषनामाचा असा स चा श होत नाही,
हे मी पाचवीला शिकवते.
मासाचा पणतू दुसऱ्या बाकावर बसतो,
त्यानं वहीत पाटीवरचंच उतरवलं
आणि मी लाल पेन उघडून
तशीच बसून राहिले.

हल्ली शाळा सुटली की बोडीवरून जाते,
शा पुसते, सा लिहिते.
खडू सरकारी आहे.
दवानं रात्रीत पुसतो,
सकाळी परत शा.
मोटारसायकल थांबवून कुणी विचारतं,
बाई, इथे मासे मिळतात का?
हो म्हणते.
मिळतातही.