काश्यप म्हणा

माझ्या लग्नात भटजींनी विचारलं, गोत्र?
बाबा सुपारीकडे बघत राहिले.
घरच्या सगळ्यांना तेवढ्यात
मंडपाच्या झालरीत काहीतरी दिसलं.
ठाऊक नसेल तर काश्यप म्हणा, भटजी म्हणाले,
आणि मंत्र पुढे निघाले
इतवारीतल्या हातगाडीसारखे, वाट काढत.

एकोणीस वर्षं ती शांतता मी माझ्या नावावर ठेवली.
अनाथालयाच्या कागदावर धर्माचा रकाना कोरा,
त्याच्या शेजारी ही.

आता शनिवारी चार वाजता सदरला जाते.
चर्चच्या मागची खोली, फुगलेलं दार,
भाता फाटलेली पेटी.
एस्तेर तिरपुडे पाद्री नाहीत, सिस्टरही नाहीत.
मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं रात्रपाळी केलेली बाई,
त्याही अशाच कुणाच्या तरी पदरी आलेल्या.
आधी प्रार्थना. ज्याला जी येते ती.
रफीकभाई तळवे उघडतात,
दीपशिखा वासनिक डोळे मिटून श्वास मोजते,
मी नुसती पंख्याकडे बघते.
बाई म्हणतात, पंखाही चालेल.

रफीकभाई ताजबागच्या पायरीवर सापडले.
पायरी आठवते, म्हणतात.
थोड्या वेळानं म्हणतात, सांगितलेली आठवते बहुतेक.
दीपशिखानं पहिल्याच दिवशी बजावलं,
कर्णाचं नाव कुणी काढायचं नाही.
बाईंनी मग मोशेलाही मिटून ठेवला,
त्याचीही पेटीच होती म्हणून.

ज्याला कुणी नाही त्याचा देव बाप,
असं कुणी म्हणालं की माझा जबडा घट्ट होतो.
बाई तसं म्हणत नाहीत.
त्या विचारतात,
रात्री अंधारात पलंगाचा पाय लागला, तर काय ओरडतेस?
आई गं.
कुठल्या आईला?

ऑटोत बसले. गोळीबार चौकात मी उतरले,
प्रश्न उतरला नाही.

मे महिना. आई कूलरमध्ये पाणी भरत होती,
खसाचा ओला वास, खिडकीतून आत घेतलेला पाइप.
बाबांचा माग विकून अकरा वर्षं झाली,
भिंतीत खुंट्या आहेत अजून.
मी विचारलं. गोत्राचंच विचारलं,
ते त्यातल्या त्यात सोपं होतं.
"काऊन वं, लगन करतं का पुन्हा?"
मग पाइप सरळ करत म्हणाली,
"त्यायले कोठी माईत होतं.
तुया आज्यालेबी नोयतं.
काश्यपच सांगेत सारे."

म्हणजे बाबा सुपारीकडे बघत होते
ते स्वतःसाठी.
म्हणजे झालरीकडे बघणाऱ्यांत
एकालाही.
आणि मी एकोणीस वर्षं
दुसऱ्याच्या पोटची लाज
आपली म्हणून वाढवली,
अंगाखांद्यावर खेळवली,
दत्तक घेतल्यासारखी.

हसू आलं. मग ते हसू राहिलं नाही.
कुठल्या आईला, याचं उत्तर त्यात नव्हतंच.
ते शनिवारी तसंच घेऊन जाईन,
पंख्यासमोर ठेवीन.

"रडतं काऊन," आई म्हणाली,
"पाइप काढ आधी. पानी चाललं."