हातचा

चौथीच्या वर्गात चोवीस तळवे वाळत पडले होते
खिडकीखालच्या गरम नळ्यांवर, ओळीनं,
बुटांत घालायचे, जाड लोकरीचे,
आणि चोवीसच्या चोवीस डाव्या पायाचे.

मला ते पहिल्याच गुरुवारी दिसलं होतं.
सिर्गाकनं पुठ्ठ्यावर स्वतःचा पाय ठेवून
जीभ बाहेर काढून पेन्सिल फिरवली,
साचा कापला, आणि तोच सगळ्यांनी वापरला.
मी तोंड उघडलं,
मग खडू उचलायच्या निमित्तानं वाकून मिटून घेतलं.
वीस वर्षं लाल शाईनं चुका पकडणाऱ्या बाईनं
चूक पूर्ण वाळेपर्यंत थांबायचं, म्हणजे
उकळतं पाणी ओंजळीत धरायचं.

लोकर उमुतायच्या काकाची, सहा किलो, वीस सोमनं.
साबणाच्या वड्या चार, पस्तीसनं.
लाल दोरा पासष्टचा, तोही घासाघीस करून.
गरम पाणी शिंपडून, वेताच्या चटईत गुंडाळून
पोरं कोपरांनी लाटत होती आठवडाभर.
वर्गाला ओल्या मेंढीचा वास;
मुख्याध्यापक दारावरूनच नाक धरून परतले.
"एझे, आमच्या कोपरांचे किती लिहायचे?"
बेरमेतनं विचारलं. वहीत त्याला रकाना नव्हता.
आम्ही रकाना आखला.
तो अजून रिकामाच आहे.

शनिवारी बूट घालून बघताना कळलं.
सिर्गाक रडला नाही. टोपी डोळ्यांवर ओढून बसला.
नुरपेरी म्हणाली, उलटा केला की झाला उजवा!
आणि खरंच झाला. फक्त
मेंढ्याच्या शिंगांची लाल नक्षी एकाच बाजूला शिवलेली,
ती आता जमिनीकडे तोंड करून चालणार.
"बुटात कोण बघतंय? सांगायचंच कशाला?"
"पाय बघतो," एल्दियार म्हणाला.
कुणी हसलं नाही.

हात वर करून मतं घेतली.
सांगायचं: नऊ. गप्प बसायचं: सात.
त्या सातांची नावं मी लक्षात ठेवली नाहीत.
त्यांच्या वयात माझा हात कुठे असता, कोण जाणे.
शंभरचा भाव ऐंशीवर आला.

रविवारी नारिनच्या बाजारात उणे बावीस.
एल्दियारच्या तोंडातून शब्दांआधी वाफ निघायची:
"दोन्ही डावे आहेत! एक उलटा घाला! ऊब दोन्हीत सारखी!"
कोळशाच्या ट्रकवाला हसता हसता खोकला
आणि तीन जोड घेऊन गेला.
एक म्हातारा मेंढपाळ बराच वेळ
नक्षीवरून अंगठा फिरवत राहिला. म्हणाला,
"शिंगं खाली गेली तर गेली. मेंढा चरतो तेव्हा तसाच असतो."
नुरपेरीनं हे लगेच पाठ केलं
आणि पुढच्या गिऱ्हाइकाला स्वतःचं म्हणून ऐकवलं.

दुपारपर्यंत अकरा जोड गेले.
बारावा नान विकणाऱ्या जिपारगुलनं उधार नेला.

सोमवारी फळ्यावर: आठशे ऐंशी वजा तीनशे पंचवीस.
शून्यातून पाच जात नाहीत.
"शेजारच्या आठाकडून हातचा उसना घ्या,"
मी म्हणाले, नेहमीच्याच सुरात.
तीन दिवस न बोललेला सिर्गाक उभा राहिला.
"शेजारी देतो?"
"देतो."
"मग परत कधी करायचा?"

इतकी वर्षं शिकवतेय वजाबाकी,
तो हातचा कुणी परत केल्याचं मला आठवेना.
मी फळा पुसला, पुन्हा लिहिला,
उत्तर तेच आलं, पाचशे पंचावन्न,
आणि प्रश्न तिथेच, खडूच्या धुळीत.

पैशांचं काय करायचं, त्यावर अजून भांडण चालू आहे.
फुटबॉल की पुढची लोकर.
नवा साचा मात्र तयार आहे, दोन पायांचा,
कडेला मोठ्या अक्षरांत डावा, उजवा,
अक्षर सिर्गाकचं.

वहीची शेवटची ओळ: जिपारगुल, एक जोड, ऐंशी सोम.
शाळा सुटल्यावर पोरं मुद्दाम तिच्या तंदूरवरून जातात.
पैसे कुणी मागत नाही. विचारतात,
"ताई, पाय गरम आहेत का?"
ती पिठाचे हात झटकून म्हणते,
"डावा जरा जास्त."
आणि पोरं घरापर्यंत वाद घालत जातात:
कुठला डावा?