पाच मीटरवर

विस्तीनच्या शिशाला अजून मासळीचा वास येतो.
माझ्या बापाच्या जाळ्याचं ते शिसं.
होडी विकली त्या हिवाळ्यात
आईच्या कढईत वितळवून
दोघांनी त्याच्या वड्या पाडल्या, किलोकिलोच्या,
कडा ओबडधोबड,
एकीवर अंगठ्याचा ठसा.
कढई आईने पुन्हा घरात घेतली नाही.

आज त्यातल्या चार माझ्या कमरेला.
पाचवी मी सकाळी परत केली होती,
नवशिक्यांसारखी जड कशाला दिसू?

श्लेंडीच्या खाडीत पाऊण तास भटकून
आम्ही समुद्रगवताच्या कुरणावरून परततोय,
आणि पाच मीटरवर विस्तीन मूठ वर करतो.
थांब.
तीन मिनिटं.
रक्तात मुरलेला नायट्रोजन
निघतो निघतो म्हणत
पाहुण्यासारखा उंबऱ्यात बोलत उभा राहतो.
त्याला हुसकायचं नाही.

तीस मीटरवर मी दगडासारखी शहाणी असते.
इथे, जिथे पाठीला ऊन कळतं,
धक्क्याच्या शिडीच्या गंजक्या पायऱ्या मोजता येतात,
तिथे माझं बिनसतं.
टाकीतली हवा मीच पिऊन टाकली,
दोन किलोंचा तो ऐवज
बुडबुडे होऊन केव्हाच पुढे गेला.
चेपलेला सूट पुन्हा फुगून बसलाय.
काट्यावर पन्नास बार.
मनगटावरचा आकडा उतरतो
आणि मी चढते, दुधासारखी.
चार पूर्णांक आठ. चार पूर्णांक दोन.
घाबरून मी तेच करते जे करायचं नसतं,
छाती भरून घेते
आणि धरून ठेवते.
साडेतीन.

विस्तीन हात धरत नाही.
ती त्याची रीत नाही.
मिशीमुळे त्याच्या मास्कमध्ये नेहमी थोडं पाणी,
त्या पाण्यावरून तो माझ्याकडे बघतो
आणि स्वतःचा श्वास सोडून दाखवतो,
विहिरीत दोर सोडावा तसा
लांब,
अजून लांब.

सकाळी म्हणाला होता,
वजन खाली जायला नसतं, पोरी.
खाली कुणीही जातं.
परतताना थांबता यावं म्हणून असतं ते.
आणि दम धर,
पण दम धरू नकोस.
मी हसले होते.

आता पाचवी वडी
तो माझ्या खिशात सरकवतो,
सणाला पोराच्या मुठीत नाणं कोंबतात तशी.
म्हणजे खाली येताना आणलीच होती त्याने.

मी श्वास सोडते.
काहीच होत नाही.
पाण्याला ऐकायला वेळ लागतो.
मग गुडघे जड, मग खांदे,
आणि बुडायच्या आधी
पुढचा श्वास, वाटीभर.
वीतभर वर.
वीतभर खाली.
कुणीतरी पायाच्या अंगठ्याने झोळी हलवत
दुसरंच काही निवडत बसलंय, असं.

धप्.
गावात सण आहे. भरदिवसा आकाशात फुटलेला बार
इथे कानात नाही, बरगड्यांत ऐकू येतो.
शेपटीवर काळा ठिपका असलेले मासे
सगळे एकदम वळतात
आणि विसरतात.
धप्.
माझा आकडा पाचावरच.

धक्क्यावर बाप बसलाय, दोर बांधायच्या खुंटावर.
चाळीस वर्षं या पाण्यावर काढली,
पोहता येत नाही त्याला.
किती लावलंस?
पाच.
वडी हातात घेऊन तो तोलतो,
ठशात अंगठा ठेवून बघतो.
बसत नाही.
विस्तीनचा असेल, म्हणतो.

आणि तीन मिनिटं करता काय तिथे?
काही नाही.
काहीच नाही?
श्वास घेतो. सोडतो.
जाळं टाकून बसतात तसंच की मग, म्हणतो तो,
आणि वडी परत देताना
क्षणभर सोडत नाही.